रत्तीभर औषधाचा हिशेब

माझ्या फुप्पीच्या धाकट्या मुलाला ऐकू येत नाही. पावणेदोन वर्षांचा असताना तो आठ-दहा दिवस तापाने फणफणला होता. तालुक्याच्या गावी नेऊन त्याला रोज सकाळ-संध्याकाळ सुया दिल्या. ताप उतरला, पोर वाचलं, फुप्पीने खीर वाटली. महिनाभराने तिच्या लक्षात आलं की पाठीमागे ताट पडलं तरी तो वळून बघत नाही. आमच्या घरात या गोष्टीचं एका वाक्यात स्पष्टीकरण आहे, ते आजही दिलं जातं: "बुखार कान खा गया."

तो आता पंचेचाळिशीच्या पुढे आहे. उत्तम शिवणकाम करतो. समोरच्याच्या ओठांवरून मराठी आणि दखनी दोन्ही ओळखतो. काही वर्षांपूर्वी मी त्या आजारपणाचे कागद शोधायचा प्रयत्न केला. एकही चिठ्ठी सापडली नाही. सुई कोणती होती, किती होती, काही कळायला मार्ग नाही. ताप मेंदूपर्यंत गेला असेल तर नुसत्या आजारानेही कान जाऊ शकतात. त्यामुळे कुणावर ठपका ठेवायला माझ्याकडे काहीच नाही. पण फुप्पीला मी एक प्रश्न विचारला होता. सुई द्यायच्या आधी त्याचं वजन केलं होतं का? ती हसली. म्हणाली, "वजन? वो क्या तरकारी था?"

तिचं हे उत्तर डोक्यातून गेलं नाही. मग वाचायला लागलो. मुलांना औषध मोजून द्यायची रीत माणसाकडे कधीपासून आहे, आणि मुलालाच मोजायची रीत कधी आली?

पहिली रीत फार जुनी आहे. आपल्याकडे सोनं मोजायचं माप आणि औषध मोजायचं माप एकच होतं. गुंजेची लाल-काळी बी म्हणजे रत्ती. आठ रत्तींचा माशा, बारा माशांचा तोळा. वैद्य, हकीम आणि सोनार, तिघांच्या तराजूत तीच बी पडायची. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर रत्ती साधारण १२१ मिलिग्रॅमची होते. आज मुलांच्या अँटिबायोटिकच्या बाटलीवर पुष्कळदा ‘प्रत्येक ५ मिलिमध्ये १२५ मिलिग्रॅम’ असं छापलेलं असतं. म्हणजे चमचाभर सिरपमध्ये जवळपास रत्तीभर औषध. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कुणी प्राचीन विज्ञान वगैरे काढू नये. पण ‘रत्तीभर’ हा शब्द आपण ‘अगदी नगण्य’ या अर्थाने वापरतो, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत रत्ती मुळीच नगण्य नसते, एवढं खरं.

शार्ङ्गधरसंहितेत बाळाच्या मात्रेचा स्पष्ट नियम आहे. पहिल्या महिन्यात एक रत्ती, मग वर्षाचं होईपर्यंत दर महिन्याला एकेक रत्ती वाढवायची, पुढे सोळाव्या वर्षापर्यंत दर वर्षाला एकेक माशा. काश्यपसंहिता तर बालरोगांचाच ग्रंथ. त्यात नुकत्याच जन्मलेल्या बाळाला वावडिंगाच्या दाण्याएवढं औषध सांगितलं आहे. तेही महिन्यागणिक वाढवायचं, पण आवळ्यापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. नीट पाहिलं तर इथे औषध तोललं जातं. मूल तोललं जात नाही, त्याचे महिने मोजले जातात.

बगदादमध्ये नवव्या शतकात अल-किंदी या तत्त्वज्ञाने औषधाच्या ताकदीला गणितात बांधायचा प्रयत्न केला. औषध एकेका पायरीने प्रखर होत जातं तेव्हा त्यातल्या गुणांचं प्रमाण प्रत्येक पायरीला दुप्पट होत जातं, अशी त्याची मांडणी होती. पुढे इब्न रुश्दने तिच्यावर टीका केली. आमच्याकडे काही उत्साही मंडळी प्रत्येक शोधाचं मूळ बगदादला किंवा कॉर्डोव्हाला नेऊन पोचवतात, त्यांच्यासाठी सांगतो: अल-किंदीने मुलांची वजनं केली नव्हती. त्याने प्रश्न विचारला तो औषधाबद्दल. मात्र ‘अंदाजाने’ या शब्दावर त्याचं समाधान झालं नाही, आणि माझ्या लेखी ती मोठीच गोष्ट आहे.

युरोपातही कितीतरी काळ वयच धरलं जायचं. प्रकाश लाटांसारखा वागतो हे दाखवणारा आणि रोझेटा शिळेवरच्या लिपीशी झुंजलेला इंग्रज विद्वान थॉमस यंग पेशाने डॉक्टर होता. मुलांच्या डोसचा एक नियम त्याच्या नावाने चालतो. मुलाचं वय घ्या, त्याला वय अधिक बारा याने भागा, जो अपूर्णांक येईल तेवढा मोठ्या माणसाच्या डोसचा हिस्सा मुलाला द्या. चार वर्षांच्या मुलाला चार भागिले सोळा, म्हणजे पाव डोस. लक्षात ठेवायला सोपा. पुढे क्लार्कच्या नावाचा नियम आला आणि त्याने वय सोडून वजन धरलं. मुलाचं पौंडातलं वजन भागिले १५०. दीडशे पौंड म्हणजे ६८ किलो, हा त्यांचा प्रमाण माणूस.

हे दोन्ही नियम आपल्या एखाद्या मुलाला लावून बघा. मेळघाटातलं किंवा मराठवाड्यातल्या ऊसतोडणीच्या कोपीतलं चार वर्षांचं कुपोषित मूल घ्या, वजन दहा किलो. यंग म्हणतो, पाव डोस. क्लार्क म्हणतो, २२ पौंड भागिले १५०, म्हणजे सातव्या हिश्शाच्या आसपास. मूल तेच, औषध तेच, आणि दोन उत्तरांत पावणेदोन पटीचा फरक. धष्टपुष्ट मुलांच्या देशात हे दोन नियम एकमेकांच्या बरेच जवळ येत असतील. भुकेल्या मुलाच्या बाबतीत मात्र वय फसवतं. आणि आपल्याकडे वय तरी नक्की कुठे ठाऊक असतं? माझ्या आजीच्या हिशेबात अर्ध्या गल्लीचा जन्म ‘बडे पानी के साल में’ झाला होता.

अफू, कुनैन, जुलाबाची औषधं यांच्यापर्यंत हे अंदाज कसेबसे चालले. अँटिबायोटिक आलं आणि हिशेब नाजूक झाला. गंमत म्हणजे त्याची सुरुवातच वजनाच्या गणिताने झाली. मे १९४० मध्ये ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना जंतूंची टोचणी केली. त्यातल्या चारांना पेनिसिलिन दिलं. ते जगले, उरलेले चार मेले. आता माणसावर प्रयोग करायचा. पण उंदीर वीस ग्रॅमचा आणि माणूस साठ किलोचा, म्हणजे तीन हजार पट. प्रयोगशाळेत बुरशीची वाढ करायला भांडी पुरेनात म्हणून रुग्णाची शौचाची भांडीसुद्धा वापरात आणली होती. १२ फेब्रुवारी १९४१ ला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पहिली सुई दिली. तो सुधारला. औषध कमी पडू लागलं, तेव्हा त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचलं. तरीही पाच दिवसांत साठा संपला. जंतू उलटले आणि १५ मार्चला तो वारला.

यानंतर फ्लोरीच्या गटाने मुलं निवडायला सुरुवात केली. कारण साधं होतं. लहान शरीराला कमी औषध पुरतं. त्यात चार वर्षांचा एक मुलगा होता, गोवरानंतर डोळ्यामागे संसर्ग पसरलेला. पेनिसिलिनने तो उठून बसला, खेळू लागला आणि मग मेंदूतली रक्तवाहिनी फुटून गेला. शवविच्छेदनात संसर्ग हटल्याचं दिसलं. मुलांचं वजन कमी म्हणून अँटिबायोटिकच्या पहिल्या कसोटीला मुलं उभी राहिली, हे मी वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ बाहेर जाऊन आलो.

पेनिसिलिन तसं दयाळू औषध. ॲलर्जी नसेल तर चूक पुष्कळशी पोटात घालतं. पुढची सगळी तशी नव्हती. १९४७ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल सापडलं. आपल्याकडे जुन्या लोकांना ते क्लोरोमायसेटिन या नावाने, विषमज्वरावरचं औषध म्हणून माहीत आहे. लॉस एंजेलिसच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, बाळंतपणाआधी चोवीस तासांहून जास्त वेळ पाणमोट फुटलेली असली की जन्मणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक दिलं जाई. तरी बाळं जात होती. डॉक्टरांनी चार गट केले. एका गटाला काहीच औषध नाही, दुसऱ्याला फक्त क्लोरॅम्फेनिकॉल, तिसऱ्याला पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन, चौथ्याला तिन्ही. १९५९ च्या अखेरीस निकाल छापला गेला. औषध न दिलेल्या गटात १९ टक्के बाळं गेली होती, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनच्या गटात १८ टक्के. क्लोरॅम्फेनिकॉलच्या गटात ६० टक्के, आणि तिन्ही दिलेल्या गटात ६८ टक्के.

बाळाचं पोट फुगे, अंग राखाडी पडे, रक्ताभिसरण कोसळे. म्हणून त्याला ‘ग्रे बेबी’ असं नाव पडलं. या प्रकरणातली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट निराळीच आहे. त्या बाळांचं वजन केलेलं होतं. डोस दर किलोला १०० ते १६५ मिलिग्रॅम असा, रीतसर वजनावरून काढलेला होता. गणित बरोबर होतं. चुकीचं होतं ते गणितामागचं गृहीतक, की बाळ म्हणजे छोट्या आकाराचा मोठा माणूस. क्लोरॅम्फेनिकॉलचा निचरा करण्यासाठी यकृतात जे विकर लागतं, ते नवजात बाळात, त्यातून अपुऱ्या दिवसांच्या बाळात, पुरतं तयारच झालेलं नसतं. औषध साचत जातं. दर किलोला किती, हा आकडा दीड किलोच्या बाळासाठी वेगळा आणि पंधरा किलोच्या पोरासाठी वेगळा असू शकतो, हे वैद्यकाला त्या मुलांच्या मरणातून कळलं. नंतर अशा बाळांसाठी डोस कितीतरी खाली आणला, दिवसाला किलोमागे २५ मिलिग्रॅमपर्यंत.

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी १९६० च्या दशकात मुलांना ‘उपचारांमधले अनाथ’ असं म्हटलं. त्यांचा रोख कंपन्यांवर होता. औषधाच्या चाचण्या मोठ्यांवर व्हायच्या आणि वेष्टणावर ‘मुलांसाठी अभ्यास झालेला नाही’ असं छापून मोकळं व्हायचं. डॉक्टरने मग काय करायचं? अंदाज. श्रीमंत देशही यातून सुटले नाहीत. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं एक सोपी शिडी होती. मोठ्या मुलाला प्रौढाच्या निम्मं, लहान मुलाला त्याच्या निम्मं, तान्ह्याला त्याच्याही निम्मं. तोंडावाटे द्यायच्या पेनिसिलिनचे हे वयाचे टप्पे जवळपास अर्धशतक तसेच राहिले आहेत, दरम्यान मुलांची वजनं मात्र वाढली आहेत, हे तिथल्याच संशोधकांनी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिलं. तिकडे पोर तक्त्यापेक्षा जड झालं. आपल्याकडे ते तक्त्यापेक्षा हलकं असतं.

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर पेनिसिलिन देशातच बनावं म्हणून १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची तिला मदत होती. म्हणजे औषध आलं. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनमापंही आली, तोळा-माशा सरकारी कागदांतून गेले. पण खेडोपाडी मूल तोलायचा तराजू आला नाही. किराणा दुकानात होता, कापूस खरेदीला होता, अडत्याकडे होता. दवाखान्यात असलाच तर उभं राहायचा काटा, त्यावर तान्हं पोर ठेवणार कसं? त्या काळात आमच्याकडे कंपाउंडर बाटलीला कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. मुलांची बाटली वेगळी असायची की खाचा वेगळ्या, हे मला लहानपणी कधी कळलं नाही.

ही अडचण कुणी तरी जमिनीवर बसून सोडवली असेल, तर ती गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ची स्थापना केली. न्यूमोनियाने लहान मुलं जात होती, डॉक्टर दूर होता. त्यांनी गावातल्या दाया आणि आरोग्यसेवक यांच्या हातात को-ट्रायमॉक्साझोल दिलं. अडचण होती ती मोजण्याची. मिनिटाला साठ श्वास मोजायचे कसे, जिला इतके आकडे येत नाहीत तिने? मग एक साधं यंत्र बनवलं, एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. उपचार मिळालेल्या ६१२ मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या भागात न्यूमोनिया झालेल्यांपैकी १३.५ टक्के मुलं गेली होती.

खरी अवघड पायरी त्यानंतरची, नवजात बाळांची. १९९५ पासून ३९ गावांत बेताचं शिकलेल्या स्थानिक बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरोघर जाऊन बाळाला झोळीत ठेवून स्प्रिंगच्या काट्यावर तोलत. जंतुदोषाची लक्षणं दिसली आणि आई-बाप रुग्णालयात न्यायला तयार नसले, तर त्यांच्या संमतीने तोंडावाटे को-ट्रायमॉक्साझोल देत आणि जेंटामायसिनची सुई टोचत.

जेंटामायसिन म्हणजे तेच औषधांचं घराणं, ज्याचं नाव निघालं की मला माझा भाऊ आठवतो. स्ट्रेप्टोमायसिन त्यातलं थोरलं. योग्य मात्रेत ही औषधं मरणाच्या दारातून बाळ ओढून आणतात. मात्रा चढली तर आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मूत्रपिंडालाही धोका. बाजारातली मोठ्यांची जेंटामायसिनची कुपी ८० मिलिग्रॅमची, दोन मिलि. दोन किलोच्या बाळाला किलोमागे पाच मिलिग्रॅम धरले तर लागतात दहा, म्हणजे पाव मिलि. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढं पाणी. अख्खी कुपी ओढली तर आठपट. असं औषध दहावीसुद्धा न झालेल्या बाईच्या हाती द्यायचं की नाही, यावर वाद होणारच. त्या वादातली भीती खोटी नव्हती. पण शिकलेल्या हातांकडे त्या बाळाचं वजन होतं का, हाही प्रश्न खोटा नव्हता. त्या बाईकडे ते होतं, वहीत लिहिलेलं. बाळ अडीच किलोच्या वर की खाली, यावरून तिची मात्रा आधीच ठरवून दिलेली होती. भागाकार डॉक्टरांनी आधी करून ठेवला होता, तिने फक्त काटा खरा वाचायचा. १९९९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

२०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचं हे काम आशांमार्फत देशभर न्यायचं ठरवलं. सुई मात्र आशांना दिली नाही. ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन द्यायची मुभा २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी एएनएम ताईंना मिळाली, सोबत वजनानुसार मात्रेचा तक्ता. जागतिक आरोग्य संघटनेनेही न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलिनची पाण्यात विरघळणारी २५० मिलिग्रॅमची गोळी पुढे आणली आणि तिचा हिशेब वयाच्या मोजक्या पायऱ्यांत बसवला. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत एका वेळी एक गोळी, दिवसातून दोनदा, पुढे वयानुसार जास्त. जिथे तराजू नाही तिथे पुन्हा वयाकडे यावं लागलं. पण आता हे टप्पे हजारो मुलांच्या वजनांवर पारखून पाडलेले आहेत, वावडिंगाच्या दाण्यावर नाही.

शहरात मात्र मला उलटं चित्र दिसतं. मागच्या पावसाळ्यात एका मेडिकलच्या काउंटरवर उभा होतो. माझ्या पुढे एक तरुण बाप होता. त्याने ‘पोराला खोकला-ताप’ एवढंच सांगितलं आणि पोराचं वय सांगितलं. ड्राय सिरपची बाटली आणि ‘अर्धा-अर्धा चमचा’ हे दोन शब्द त्याला मिळाले. पाणी उकळून गार करून बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचं, हे सांगितलं नाही. चमचा कुठला, स्वयंपाकघरातला की बाटलीसोबतचा, हेही नाही. घरातला चमचा साडेतीन मिलिचाही असतो आणि सात मिलिचाही. मी मधे पडून विचारलं, "वजन किती आहे बाळाचं?" तो गोंधळून म्हणाला, "जन्मलं तेव्हाचं माहितीय, तीन किलो." पोर दीड वर्षाचं होतं.

मागच्या महिन्यात माझ्या त्या भावाच्या मुलीला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली आशा ताई आली. पिशवीतून काटा काढला, झोळी लावली, बाळाला त्यात अलगद ठेवलं आणि काटा डोळ्यांसमोर येईल इतका वर धरला. लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे होते. काटा पिवळ्यात थरथरत थांबला. भाऊ शिवणयंत्रावरून उठून जवळ आला. त्याला तिच्या ओठांवरचा आकडा नीट वाचता आला नाही, म्हणून त्याने हातानेच विचारलं, किती? आशा ताईने आधी दोन बोटं दाखवली, मग चार. त्याने ते खडूने कापायच्या फळीवर लिहून ठेवलं, तारखेसकट. २ किलो ४००.